गाणं संपू दे

कागदावरची पहिली ओळ वाचली आणि फर्गसला कळलं की आपण वारलो आहोत. शुक्रवार, दुपारचे पावणेचार. डाव्या हातात अर्धा खाल्लेला चीज रोल, उजव्या हातात नायरीने छापून दिलेला कागद, आणि पंधरा मिनिटांनी त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम. ओळ अशी होती: ‘हे गाणं माझ्या लेट डॅडसाठी.’ त्याखाली आणखी दोनच ओळी: ‘बाकीची गोष्ट गाण्यातच आहे. आणि आज संध्याकाळी सहा वाजता पोर्ट चाल्मर्सच्या खलाशांच्या जुन्या हॉलमध्ये मी हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर म्हणणार आहे.’ गाण्याचं नाव ‘सव्वातीन’. लांबी सव्वापाच मिनिटं. गीत, संगीत, आवाज, सगळं मॉराग सिंक्लेर. सिंक्लेर हे रोनाचं माहेरचं आडनाव, आणि रोना त्याची बायको होती, आणि मॉराग त्याची मुलगी होती. होती काय, आहे. मेला असेल तर तो मेलाय, मुलगी कशाला ‘होती’ होईल? व्याकरणसुद्धा धड सुचेना. तोंडातला घास गिळू की थुंकू असं झालं, शेवटी गिळला. लेट डॅड! त्रेसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस, अजून सरकारी पेन्शनसुद्धा सुरू झालेली नाही, परवाच शिडीवर चढून स्वतःच्या घराच्या छपराची पन्हळ साफ केलीय, आणि पोटच्या पोरीने एका ओळीत पुरून टाकला. रडारड नाही, फुलं नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ, बोंब कुठे मारणार?

आणि खरी कटकट ही की हा सगळा उपद्व्याप त्याचाच होता. बावीस वर्षांपूर्वी, शाळेच्या दातांच्या जुन्या दवाखान्यात हे टेकडीवरचं रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हा, शुक्रवारी चार ते सहा नवी गाणी लावायची ही कल्पना त्याची. ज्यांच्या मागे कुठली कंपनी नाही, जे आपल्या झोपायच्या खोलीत नाहीतर गॅरेजमध्ये उशा लावून गाणी ध्वनिमुद्रित करतात, त्यांची गाणी. आणि प्रत्येक गाण्याबरोबर त्यामागची गोष्ट, गाणाऱ्यानेच लिहिलेली, एक शब्दही न बदलता वाचायची, हा नियमही त्याचाच. सुरुवातीला लोक लिहीत, ‘मेंढ्यांची लोकर कातरताना सुचलं.’ बस्स. एक ओळ, आणि मग गाणं असं यायचं की अंगावर काटा. आता? आता गोष्टी गाण्याहून लांब झाल्या. कुणाला आजीच्या शिलाई मशीनमधून सूर ऐकू येतात, कुणाला टाळेबंदीत स्वतःचा शोध लागतो, एकाने मेलेल्या गोल्डफिशवर दीड पान लिहून पाठवलं होतं आणि गाण्यात मासा औषधालाही नव्हता. दर शुक्रवारी बारा गाणी आणि बारा दुःखं. दुःखही सगळ्यांचं एकाच शिंप्याने शिवल्यासारखं. परवापरवाच तो नायरीला म्हणाला होता, अगं, या लोकांना कुणीतरी मेल्याशिवाय गाता येत नाही का? नियतीचा कान बहुतेक तेव्हा दाराला लागलेला असणार.

‘नायरी!’ त्याने हाक मारली. नायरी म्हणजे केंद्राची सगळी कामं सांभाळणारी बाई. आधी चाळीस वर्षं पोस्टात होती, त्यामुळे तिला कुठल्याही कागदाचं आश्चर्य वाटत नाही. ती दारात येऊन उभी राहिली, हातात चहाचा मग.

‘हे वाचलंस तू?’

‘मीच छापलंय. वाचल्याशिवाय छापते का मी?’

‘मग? काही बोलावंसं नाही वाटलं? दारातून आत आलो तेव्हा? बरं दिसतोस, फर्गस, असं तरी?’

‘बरा दिसत नव्हतास,’ नायरी म्हणाली. ‘तुला मुलगी आहे हे मला माहीत होतं. ती गाते हे कुठे सांगितलंस?’

‘मला माहीत असायला नको का आधी!’

हे तो ओरडून म्हणाला, आणि तेच खरं होतं. हीटरवर धूळ जळल्याचा वास येत होता. देशाच्या दक्षिण टोकाच्या ब्लफपासून उत्तर टोकाच्या केप रेइंगापर्यंत कुठल्या गावात कोण पोरगी कसल्या गिटारवर काय वाजवते ते याला ठाऊक. लोक म्हणतात, फर्गसने लावलं की ते गाणं चार ठिकाणी पोचतं. किती अनोळखी आवाज याने हुडकून काढले, त्यांच्याकडून नाताळला कार्डं येतात. आणि स्वतःच्या घरात सोळा वर्षं वाढलेल्या पोरीला गळा आहे याचा पत्ता नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिच्याबद्दल त्याला एवढंच माहीत होतं, की ती जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे, पोर्ट चाल्मर्सला कुणा मैत्रिणीबरोबर राहते, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांना ‘थँक्स’ एवढंच उत्तर देते.

‘ऐकलंस का गाणं?’ नायरीने विचारलं.

‘नाही.’

‘ऐक की मग. दहा मिनिटं आहेत.’

‘मेलेल्या माणसाने काय ऐकायचं?’

‘अरे, शब्द नीट बघ जरा, फर्गस. त्या पोरीने –’

‘शब्द बघितला! चांगला दोनदा बघितला!’

नायरीने चहाचा घोट घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि काहीतरी बोलायचं होतं ते चहाबरोबर गिळून टाकलं. पोस्टातली माणसं दुसऱ्याचं पाकीट उघडत नाहीत. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘मरण तुझं आहे, तू बघ.’

चारला लाल दिवा लागला आणि त्याने सवयीने नमस्कार-चमत्कार केले. पहिलं गाणं ओमारूच्या कुणा पोराचं, दुसरं दोघी बहिणींचं. गोष्टी तो वाचत होता, पण त्या आज त्याच्या डोळ्यांतून आत शिरून तोंडातून बाहेर पडत होत्या, मधे कुठे थांबत नव्हत्या. मॉरागचा कागद त्याने सगळ्यात खाली सरकवला होता. तो खालूनच हाका मारत होता. सव्वातीन. सव्वातीनला काय झालं होतं? त्याला एकच सव्वातीन आठवत होते, आणि ते चांगले होते, म्हणून तर त्याचा तिळपापड होत होता. तेव्हा तो घरं रंगवायचा. निळी व्हॅन, मागे डबे आणि शिड्या, पुढे कॅसेटवाला टेप आणि रेडिओ. शाळा तीनला सुटायची आणि तीन-पाचला, फार तर तीन-दहाला, व्हॅन फाटकासमोर उभी असायची, हे तो कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार होता. फक्त त्या वेळी विद्यार्थ्यांच्या रेडिओवर नवी गाणी लागायची. आणि गाणं मधेच तोडायचं नाही, हा त्याचा आयुष्यातला एकमेव धर्म. कुणी आपल्या खोलीत बसून, नोकरी सांभाळून, शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन चार मिनिटं जमवतो, ती तुम्ही अडीच मिनिटांवर कापता? माणसं आहात की कसाई? तर तो व्हॅनमध्ये बसून राहायचा, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून. पोरगी पिवळ्या रेनकोटात फाटकापाशी दिसायची. तो काचेतून बोट वर करायचा, म्हणजे थांब, गाणं संपू दे. ते संपलं की उद्‌घोषक म्हणायचा, आता पुढचं अगदी नवं. मग पुन्हा बोट वर. मग तो धावत रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचा, ‘आत्ताच आलो बघ!’ ती हात धरायची. कित्येकदा तो तिला ते गाणं गाडीत गुणगुणून दाखवायचा. ही त्याच्या मनातली त्या दिवसांची गोष्ट. बापलेकीचं आणि गाण्यांचं काहीतरी खास होतं असं त्याने रोनालाही सांगितलं होतं, रोना सोडून गेली त्या संध्याकाळी, वाद घालताना, पुरावा म्हणून. रोना म्हणाली होती, ‘फर्गस, तिला विचारलंस कधी?’ काय विचारायचं? पोर हसायची की. हसायची ना? त्याने आठवून बघितलं. रेनकोटाची टोपी आठवली, तिच्या टोकावरून गळणारं पाणी आठवलं, तिच्याशेजारी छत्री धरून उभ्या असलेल्या तिच्या वर्गाच्या बाई, मिस पेटिग्रू, आठवल्या, त्यांचे हिरवे गमबूट आठवले आणि त्यांनी एका गमबुटाने जमिनीवर ताल धरलेला आठवला. तो ताल नव्हता, हे आज इतक्या वर्षांनी कशाला सुचावं? चालू कार्यक्रमात? गाणं संपून चार सेकंदं झाली होती आणि रेडिओवर नुसती शांतता चालली होती. नायरीने काचेवर टकटक केली.

त्याने घाईघाईने पुढचं गाणं लावलं आणि मनातल्या मनात भांडण सुरू केलं. ठीक आहे, तिच्या पदवीदानाला उशीर झाला. कबूल. त्या दिवशी इन्व्हरकार्गिलहून येताना रेडिओवर एका बाईचं गाणं लागलं होतं, टेकड्यांमध्ये गेलं की रेडिओ खरखरतो म्हणून तो चढाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबला. अकरा मिनिटांचं गाणं. अकराच. पण पुढे रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या, त्याला तो काय करणार? पोचला तेव्हा टोप्या-झगे परत करायची रांग लागली होती आणि मॉराग रोनाच्या नव्या नवऱ्याबरोबर फोटो काढून घेत होती. ‘काही नाही, डॅड,’ ती म्हणाली होती, ‘सवय आहे.’ ओरडली असती तर बरं झालं असतं. त्यानेही वर काय म्हणावं? ‘पण गाणं काय होतं गं, तुला ऐकवतो.’ हे आठवलं आणि फर्गसने स्टुडिओत एकट्यानेच कपाळावर हात मारला. मूर्ख माणूस! पण मूर्ख, मेलेला नाही. मूर्ख माणसाला मूर्ख म्हणावं, त्यावर गाणं करावं, अख्ख्या गावाला ऐकवावं, तो आपणहून लावेल. मेला म्हणायचं कारण काय? आणि तेही त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं! कारण नियम तिला ठाऊक होता, सगळ्या गावाला ठाऊक होता: फर्गस शब्द बदलत नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी त्याच्यापुढे तीन कागद उरले. सगळ्यात वरच्यात एका माणसाने लिहिलं होतं की माझे वडील आणि मी कधी बोललो नाही, आता ते गेले, म्हणून हे गाणं. असल्या गोष्टी फर्गसने शेकड्यांनी वाचल्या होत्या. वाचताना आवाज किती खाली न्यायचा हेही बसलेलं होतं. आज दुसऱ्या वाक्याला त्याची ओळच चुकली. कशीबशी गोष्ट संपवली, गाणं लावलं, आणि हेडफोन काढून ठेवले.

‘नायरी, तू बस इथे.’

‘मी?’

‘दोन कागद आहेत. वाच आणि लाव. तुला बटणं येतात.’

‘गाणं चालू आहे, फर्गस,’ नायरी म्हणाली. तिला खरोखरच धक्का बसला होता. ‘तू मधेच उठतोयस.’

‘सहाला त्या हॉलवर जाऊन उभा राहतो समोर. हा बघा, हा तो लेट डॅड, बूट घातलेला, श्वास चालू असलेला. बघू दे लोकांना. बघू दे तिला!’

‘तिचं लावू ना मग मी?’

‘लाव! नियम आहे! आणि शब्द बदलू नकोस!’ जिन्यावरून तो ओरडला.

बंदराच्या कडेचा रस्ता लागला तेव्हा तो मोठमोठ्याने भाषण करत होता. उजवीकडे पाणी होतं, राखाडी, ओहोटीचं, त्यात एक बगळा चिखल तुडवत होता. सप्टेंबरातला उजेड अजून बऱ्यापैकी शिल्लक होता. मॉराग, तो म्हणाला, तुला माझा राग असेल, मान्य. मॉराग, माणूस जिवंत असताना त्याचा कागद करू नये. मॉराग, मी तुला काय कमी केलं? हे वाक्य त्याने टाकून दिलं, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे असायची शक्यता होती. रेवन्सबर्नच्या खताच्या कारखान्यापाशी एक लॉरी पुढे रखडत होती, तिला त्याने शिव्या घातल्या. रेडिओवर नायरी जड आवाजात, तार वाचल्यासारखी, कुणाचीतरी गोष्ट वाचत होती. मग ते गाणं लागलं, बरं होतं, फारच बरं होतं, आणि त्याचा पाय आपोआप सैल पडायला लागला, गाडी बाजूला घ्यायला जागा कुठे आहे ते डोळे शोधायला लागले. त्याने स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली आणि गाडी हाकली. ओंडक्यांचे ढीग दिसले, क्रेन दिसल्या, चढावरचा हॉल दिसला. समोरच्या बाजूला गाडी लावली तेव्हा घड्याळात सहाला नऊ कमी होते. इतक्या वर्षांत तो कुठेही नऊ मिनिटं आधी पोचला नव्हता, आणि आज पोचला तो निव्वळ रागाच्या भरात.

‘आता शेवटचं,’ रेडिओवर नायरी म्हणाली. ‘गोष्ट छोटी आहे. हे गाणं माझ्या लेट डॅडसाठी. बाकीची गोष्ट गाण्यातच आहे. आणि आज संध्याकाळी सहा वाजता पोर्ट चाल्मर्सच्या खलाशांच्या जुन्या हॉलमध्ये मी हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर म्हणणार आहे. शब्द मी बदललेला नाही.’

किल्लीवर हात होता, तो तिथेच राहिला. एक गिटार, तीही अगदी साधी, तीनच सूर. मग आवाज. मॉरागचाच, पण जरा खालचा, सांगितल्यासारखा. तीनची घंटा झाली, सगळ्यांच्या आया आल्या. तीन-पाचला निळी गाडी आली. तो आत आहे. काच वर आहे. त्याने बोट वर केलं. फर्गसचं बोट स्टिअरिंगवर होतं, त्याने ते खाली घेतलं. दुसरं कडवं. तीन-दहा. बाई विचारतात, कोण येणार आहे तुला न्यायला? मी म्हणते, आलेत. बाई म्हणतात, कुठे? मी म्हणते, ते काय, आलेत. नुसते पोचायचे आहेत. आणि मग ध्रुवपद, हसत म्हटलेलं, खरंच हसत, त्याला ऐकू येत होतं: माझा लेट डॅड, माझा लेट डॅड, सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात लेट.

लेट. अरे देवा. लेट! फर्गसच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की कसला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुपारपासून हा गाढव स्वतःच्या मयताला निघाला होता आणि पोरीने साधा, शाळेच्या हजेरीपटावर असतो तो शब्द लिहिला होता. नायरीला कळलं होतं. सगळ्या गावाला कळलं असणार. डोळे पुसून त्याने वर बघितलं तर हॉलच्या दारात मॉराग उभी होती. गळ्यात गिटार, एका पायावर भार, दुसऱ्या बुटाचं टोक जमिनीला टेकलेलं. अशीच उभी राहायची ती. तिने गाडी ओळखली होती. हाक मारत नव्हती, हातही हलवत नव्हती. नुसती काचेकडे बघत होती. आणि रेडिओवर गिटार थांबली, सूर बदलला, तिसरं कडवं येणार होतं. तिसऱ्या कडव्यात गाणं वळतं, हे फर्गसपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तिथेच कळतं की माफ केलं की नाही. तिने श्वास घेतला, रेडिओवर, तो श्वास त्याला गाडीत ऐकू आला. ‘आणि मग,’ ती गायली. दोन मिनिटं. फार तर अडीच. जन्मात ऐकलेल्या सगळ्या गाण्यांमध्ये हे एक शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं. त्याचं बोट वर उचललं जातंय हे त्याला दिसलं. त्याने त्याच बोटाने किल्ली फिरवली, आवाज मधेच तुटला, आणि तो दार उघडून बाहेर आला.

रस्ता ओलांडताना गुडघे कुरकुरले. जवळून ती थकलेली दिसत होती, केस आखूड केले होते, कपाळावर रोनाची आठी.

‘तुझ्या गाडीत चालू होतं ना ते?’ तिने विचारलं.

‘होतं.’

‘संपलं?’

‘नाही.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग परत त्याच्याकडे. रस्ताभर घोकलेलं भाषण फर्गसने सोडून दिलं.

‘तिसऱ्या कडव्यात काय आहे?’ त्याने विचारलं.

‘दार सहाला उघडतं, डॅड,’ ती म्हणाली. ‘मला तारा जुळवायच्यात. थांबशील?’

‘थांबतो.’

ती आत गेली. दार लागलं. बंदरावरून वारा येत होता आणि कोट गाडीत राहिला होता. पण कोट आणायला गेलो आणि तेवढ्यात दार उघडलं तर? म्हणून तो हलला नाही. पाच मिनिटं कधी इतकी लांब असतात? पाच मिनिटांत एक बऱ्यापैकी गाणं होतं आणि कळतसुद्धा नाही. त्याने एका पायावर भार टाकून बघितला, मग दुसऱ्या. मागे माणसं जमायला लागली, एक जोडपं, दोन पोरी, एक म्हातारा कुत्रा घेऊन. सहा वाजले. आतून तार तुटल्याचा आवाज आला आणि तिची शिवी ऐकू आली. सहा-दोन. मागचा म्हातारा कुत्र्याला म्हणाला, ‘काय कटकट आहे, वेळ म्हणून काही असते की नाही?’ फर्गस वळून त्याला काहीतरी लागेलसं बोलणार होता, पण परत दाराकडे वळला. नाक गळत होतं, ते त्याने बाहीने पुसलं.

सहा-चारला दार उघडलं. मॉरागच्या बोटाला रक्त होतं आणि ती धापा टाकत होती.

‘सॉरी, लेट झालं,’ ती सगळ्यांना म्हणाली. मग तिला तो समोरच दिसला, नाक लाल झालेला, खांदे वर घेतलेला, आणि ती म्हणाली, ‘तू तेव्हापासून इथेच उभा आहेस?’

‘छे,’ फर्गस म्हणाला, ‘आत्ताच आलो बघ.’

‘खोटारडा,’ ती म्हणाली आणि दार धरून बाजूला झाली.